थांबायचं की जायचं? आठ आठवड्यांची भानगड

मधली_रांग | १३ डिसेंबर २०२५, सकाळी ९:४०

मागच्या रविवारी जेवणं आटपल्यावर मी म्हटलं चला सिनेमाला जाऊ, तर बायको ओटा पुसता पुसता म्हणाली कशाला, येईल की घरी, आणि पोरगं फोनमधून मान वर न करता म्हणालं, आठ आठवडे बाबा, मी मोजतोय. त्याला तेरावं चालू आहे. त्याच्या वयात मला एवढंच माहीत होतं की शुक्रवारी सिनेमा लागतो. याला सिनेमा कधी लागला ते सांगता येत नाही पण ओटीटीवर कधी उतरणार ती तारीख पाठ!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढला. हे मोठे स्टुडिओ आणि ओटीटीवाले आपल्याला खेचायला एवढे पैसे ओततात, आपण समजतो यांची चुरस कुणाचा सिनेमा भारी यावर आहे, पण मला वाटायला लागलंय की खरी मारामारी मधल्या दिवसांवर चाललीय, म्हणजे थिएटरातून घरी यायला किती दिवस. धंद्यात याला विंडो म्हणतात.

अमेरिकेत करोनाच्या आधी साधारण ९० दिवस असायचे. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओनं एएमसी या तिथल्या सगळ्यात मोठ्या थिएटर साखळीशी करार करून १७ दिवसांनी घरी भाड्यानं द्यायची परवानगी मिळवली. मग डिसेंबर २०२० मध्ये वॉर्नरनं कहरच केला, २०२१ चे आपले झाडून सगळे सिनेमे तिथे ज्या दिवशी थिएटरात त्याच दिवशी स्वतःच्या एचबीओ मॅक्स या ओटीटीवर. दिग्दर्शक नोलन इतका तडकला की वॉर्नरबरोबरची जवळपास वीस वर्षांची सोयरीक मोडून ओपनहायमर घेऊन युनिव्हर्सलकडे गेला, म्हणजे ज्यांनी आधी १७ दिवसांचा करार केला त्यांच्याकडेच, पण स्वतःच्या सिनेमाला लांब विंडो लिहून घेऊन. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, जुलै २०२३ ला लागला आणि ऑस्करच्या रात्री सात बाहुल्या घेऊन गेला.

आपल्याकडे हिंदीला मल्टिप्लेक्सवाले आठ आठवडे मागतात. तमिळ-तेलुगूवाले चारात मोकळे. म्हणून २०२३ ला विजयच्या लिओची हिंदी आवृत्ती मोठ्या साखळ्यांनी लावलीच नाही. आणि या वर्षीचा भूल चूक माफचा तमाशा आठवतोय ना, ९ मेला थिएटरात येणार होता, सीमेवर तणाव म्हणून आदल्या दिवशी जाहीर केलं की आता १६ मेला थेट ओटीटी, पीव्हीआर आयनॉक्स गेले हायकोर्टात, कोर्टानं थांबवलं, शेवटी २३ मेला थिएटरात आणि दोनच आठवड्यांनी घरी. तेव्हा आठ म्हणजे काही देवानं घालून दिलेले आठ नाहीत, वकील बसले की दोनही होतात.

आता ज्यांनी आपल्याला थांबायची सवय लावली तेच मोठमोठ्या जाहिराती करून "फक्त थिएटरमध्ये" म्हणून हाका मारतायत. तुमच्या घरी काय चालतं? थांबता का जाता?


ताकभात | १०:०२

धागा उत्तम पण पॉपकॉर्नचा भाव लिहिला नाहीत. म्हणजे बोर्ड बघून तुमचीही वाचा गेलेली दिसते.


सौ_खवचट | १०:१५

आम्ही थांबतो. चौघांची तिकिटं, पार्किंग, ते सोन्याच्या भावाचं पॉपकॉर्न आणि वर बाहेर पडल्यावर "आता जेवूनच जाऊ". एका सिनेमात वर्षाचं ओटीटी निघतं. आणि घरी मी पॉज करून कुकर बंद करू शकते. थिएटरात कुकर नसतो हे मान्य.


एडिसनकर | १०:५०

इकडे न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलीय तरी राहवलं नाही.

आमच्याकडे आता तीन पायऱ्या झाल्यात. आधी थिएटर, मग महिना-दीड महिन्यानं घरी भाड्यानं वीस डॉलर टाकून, आणि मग कधीतरी सबस्क्रिप्शनमध्ये "फुकट". विकेड गेल्या वर्षी २२ नोव्हेंबरला लागला आणि ३१ डिसेंबरला घरी भाड्यानं हजर, थिएटरात चालू असताना! युनिव्हर्सलचा हिशोब सरळ आहे, ज्याला यायचं तो पहिल्या तीन आठवड्यात येऊन गेला, उरलेले सोफ्यावरून उठणार नाहीत, मग त्यांच्याकडून सोफ्यावरच वीस डॉलर घ्या. चौघं बघायला बसलो तर आम्हालाही स्वस्तच पडतं.

सबस्क्रिप्शनचं म्हणाल तर इथे सगळे पाळीनं घेतात. एक महिना हे, सिरीज संपली की कॅन्सल, पुढचा महिना ते. म्हणून तर एकेका कंपनीनं परत आठवड्याला एक भाग असं सुरू केलं, आठ भाग म्हणजे दोन महिने तुम्ही अडकलात. नेटफ्लिक्सवालेसुद्धा मोठ्या सिरीजचे आता दोन-तीन तुकडे करून सोडतात, बाकी वेळी एका रात्रीत सगळं ताटात. आणि २०२३ ला पासवर्ड शेअरिंग बंद केलं तेव्हा आम्ही तिघा मित्रांनी शपथ घेतली होती की आता घ्यायचंच नाही. तिघांनी वेगवेगळं घेतलं. कंपनीला हे आमच्या आधी माहीत होतं.

बाकी गेल्या आठवड्यातली गंमत वाचली का, ५ डिसेंबरला नेटफ्लिक्सनं वॉर्नरचा स्टुडिओ आणि एचबीओ मॅक्स घ्यायचं जाहीर केलं, ७२ अब्ज डॉलर, कर्ज धरून ८२.७ अब्ज, आणि ८ तारखेला दुसऱ्या स्टुडिओचे, पॅरामाउंटवाले परस्पर शेअरहोल्डरांकडे गेले की शेअरला ३० डॉलर रोख देतो, अख्खी कंपनी आम्हाला द्या. लग्नाच्या मांडवात दुसरा नवरदेव घोडीवरून उतरावा तसं.


मधली_रांग | ११:०५

@एडिसनकर, तेच तर! थिएटरवाले या सौद्याला घाबरलेत ते कशामुळे? एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सचे सारांडोस जाहीर म्हणाले होते की थिएटरात जाणं ही बहुतेकांसाठी कालबाह्य कल्पना झालीय. आता म्हणतात वॉर्नरचे सिनेमे थिएटरात जसे जायचे तसेच जातील, फक्त विंडो हळूहळू "ग्राहकाच्या सोयीची" होईल. सोयीची म्हणजे किती दिवसांची ते नाही सांगत. नेटफ्लिक्सनंच नाइव्हज आउटचा तिसरा भाग २६ नोव्हेंबरला मोजक्या थिएटरात लावला आणि कालच्या १२ तारखेला घरी. सोळा दिवस.


जुना_ऑपरेटर | ११:४८

तुम्ही आठ आठवड्याचं काय घेऊन बसला राव.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या थेटरात एकवीस वर्षं मशीन चालवलं. पुण्या-मुंबईत पिक्चर लागला की आमच्याकडं पेटी यायला चार महिने, कधी सहा. पेटी म्हणजे रिळांची पत्र्याची पेटी, एस.टी.च्या टपावर टाकून यायची, कंडक्टरला चहा पाजायचा म्हंजे आदळत नाही. तोवर रीळ इतकं घासलेलं असायचं की पडद्यावर उन्हाळ्यातल्या सीनला पण पाऊस. मधले तुकडे गायब, त्यात बऱ्याचदा गाणंच गायब, कारण मागच्या कुठल्यातरी ऑपरेटरनं आवडलं म्हणून कापून ठेवलेलं. (मी पण एक ठेवलंय, कुठलं ते सांगणार नाही.)

तर विंडो तेव्हा पण होती, फक्त ती गावावर ठरायची. मोठ्या शहराचा पहिला मान, मग जिल्हा, मग आम्ही, मग जत्रेतला तंबू. लोक थांबायचे कारण दुसरा इलाजच नव्हता. मोडलं ते केबलवाल्यानं. आम्ही शुक्रवारी नवीन खेळ लावायचा आणि त्यानं त्याच रात्री नऊला तोच पिक्चर गावभर दाखवायचा, आमच्या थेटरातल्या बुकिंग क्लार्कच्या घरी पण तोच चालू! मालकानं एकदा जाऊन वायर तोडली, दुसऱ्या दिवशी गाव मालकावर चिडलं, केबलवाल्यावर नाही.

मग २००५ नंतर डिजिटल आलं, सॅटेलाइटवरनं पिक्चर उतरायला लागला, आणि पहिल्यांदा आमच्या तालुक्याला मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी नवा कोरा पिक्चर, पाऊस नाही काही नाही. माणसं दाराच्या बाहेर. आता पिक्चर मशीनमध्ये असतो पण किल्लीशिवाय उघडत नाही, केडीएम म्हणतात तिला, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत ते त्या किल्लीतच लिहिलेलं. एकदा शुक्रवारी बारा वाजता पाचशे माणूस आत, पडदा तयार, आणि किल्ली आलीच नाही. मी फोन लावतोय, पलीकडनं पोरगी म्हणते सर तिकीट रेज केलंय. म्हटलं बाई, तिकिटं आम्ही पण फाडलीत पाचशे, तीच तर भानगड झालीय. दीडला सुरू झाला. सात खुर्च्या मोडल्या होत्या तोवर.

ते थेटर २०१९ ला बंद पडलं. आता लग्नाचा हॉल आहे. स्क्रीनच्या जागी स्टेज.


ताकभात | ११:५५

काका नुसतं हे लिहायला तरी धागा काढायचा ना वेगळा. "तिकीट रेज केलंय" __/\__


हिशेबी_मनुष्य | १२:३०

@मधली_रांग, आठाच्या मागचं गणित कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो, अगदी मुळाशी तेच आहे.

२००९ ला निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं दोन महिने वाजलं होतं, एप्रिल ते जून नवा मोठा हिंदी सिनेमा मल्टिप्लेक्सला लागलाच नाही. तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यातले ५० टक्के निर्माता-वितरकाला, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. आता उलट बाजूनं वाचा. मल्टिप्लेक्सचा वाटा दर आठवड्याला वाढत जातो, चौथ्यापासून शंभरातले सत्तर त्यांचे. म्हणजे सिनेमा जितका रेंगाळेल तितकं थिएटरचं भलं, आणि निर्मात्याचं सगळं लक्ष पहिल्या तीन दिवसांवर. मग निर्मात्याला चौथ्या आठवड्यात ओटीटीचा चेक दिसत असेल तर तो सातव्या आठवड्यातल्या तीस टक्क्यांसाठी का थांबेल? एकाच सिनेमावर दोघांची घड्याळं वेगळी लावलीत.

त्यात आणखी एक मेख. करोनात ओटीटीवाले डोळे झाकून घेत होते, गुलाबो सिताबो जून २०२० ला थेट घरी आला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता हेच. आता तेच ओटीटीवाले म्हणतात आधी थिएटरात लावा, गल्ला दाखवा, मग भाव बोलू. म्हणजे ज्या थिएटरला मारायला निघाले होते त्याचंच मार्कशीट मागतायत. आमिर खाननं म्हणूनच या वर्षी सगळ्यांना फाट्यावर मारून सितारे जमीन पर ओटीटीला न देता सहा आठवड्यांनी यूट्यूबवर शंभर रुपयांना लावला. धाडस आहे, पण त्याच्या नावावर शंभर निघतात, तुमच्या आमच्या नाही.


राजा_टेलिग्राम | १२:४१

एवढं गणित कशाला, ग्रुप जॉइन करा, पहिल्याच रात्री एचडी


संपादक मंडळ | १२:५८

वरील सदस्याने दिलेली लिंक काढली आहे. पुन्हा दिल्यास सदस्यत्व काढू.


जुना_ऑपरेटर | १:०३

आमचा केबलवाला इथं पण पोचला.


मीडिया_मावशी | १:४०

मी जाहिरातीच्या धंद्यात आहे, बजेट कुठे टाकायचं ते ठरवते, तेव्हा थोडं थंड पाणी ओतते. विंडोचं भांडण खरं आहे पण भारतात ओटीटीचा निकाल सिनेमानं लागलेलाच नाही. क्रिकेटनं लागला.

२०२३ ते २७ चे आयपीएलचे हक्क विकले तेव्हा टीव्ही आणि डिजिटल वेगळे काढले. टीव्ही डिस्ने स्टारनं घेतला २३,५७५ कोटींना आणि डिजिटल व्हायाकॉम१८ नं २३,७५८ कोटींना. मग २०२३ ला व्हायाकॉम१८ च्या जिओसिनेमानं ते सगळं फुकट दाखवलं. फुकट! तिकडे डिस्नेच्या हॉटस्टारचे ६ कोटी १३ लाख ग्राहक होते ते वर्षभरात ३ कोटी ७६ लाखांवर आले. त्याच वर्षी ३१ मार्चला एचबीओच्या सिरीजही हॉटस्टारवरून गेल्या आणि थोड्याच दिवसांत जिओसिनेमावर उगवल्या. वर्षभरानं दोघं एकत्रच आले, नोव्हेंबर २०२४ ला विलीनीकरण, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार. व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त, म्हणजे कुणालातरी विनोद कळत होता. मोबाइलचा प्लॅन तीन महिन्यांना १४९. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन महिन्याला १४९ आहे, आणि तोसुद्धा डिसेंबर २०२१ ला १९९ वरून खाली आणावा लागला. बाकी जगात भाव वाढवत नेणारी कंपनी इथे भाव पाडते यातच सगळं आलं.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे विसरताय तो यूट्यूब. अमेरिकेत मे २०२५ मध्ये पहिल्यांदा ओटीटीचा वाटा केबल आणि ब्रॉडकास्ट दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त झाला, आणि त्यात सगळ्यात मोठा तुकडा यूट्यूबचा, टीव्हीवरच्या एकूण वेळातला १२.५ टक्के, नेटफ्लिक्सचा ७.५. हा फोनचा नाही, घरातल्या मोठ्या टीव्हीचा आकडा आहे. यूट्यूब स्टुडिओसारखं सिनेमे काढत बसत नाही, लोक आपणहून बनवून देतात आणि तो जाहिरातीतला हिस्सा वाटतो. मी माझ्या क्लायंटला कुठे पैसे टाकायला सांगते असं तुम्हाला वाटतं?

@मधली_रांग, तुमचा मुलगा आठ आठवडे मोजतोय म्हणजे त्याला सिनेमा बघायचाय तरी. माझी भाची मोजतही नाही, तिला दहा मिनिटांत "एंडिंग एक्स्प्लेन्ड" पुरतं.


मधली_रांग | २:१०

मावशी, पाणी थंड नव्हतं, बर्फच होता. मान्य, इथला गल्ला क्रिकेटनं हलवला. तरी विचारतो, आयपीएल दोन महिने. उरलेले दहा महिने लोकांना धरून ठेवायला काय दाखवणार? शेवटी सिनेमाच ना, आणि तो थिएटरात गाजलेला असला की आपोआप "आला रे आला" होतं.


एडिसनकर | रात्री ८:२०

मधल्या दिवसांची गोष्ट उलटीही फिरते ते सांगायचं राहिलं. सोनीला स्वतःचं नेटफ्लिक्ससारखं काही नाही तिथे. बाकीचे एकमेकांचे गळे धरत असताना हे ज्याला हवं त्याला माल विकतात. केपॉप डीमन हंटर्स यांनीच बनवला आणि नेटफ्लिक्सला दिला, जूनमध्ये थेट घरी आला. माझ्या मुलीनं जुलै संपेपर्यंत किती वेळा बघितला ते मी मोजायचं सोडलं. ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सनं दोन दिवस तोच थिएटरात लावला, सोबत गायचा शो. एएमसीनं लावायला नकार दिला तर आम्ही चाळीस मिनिटं गाडी हाणून दुसरीकडे गेलो. घरी फुकट असलेल्या सिनेमाला! आत सगळ्या पोरी उभ्या राहून गातायत, पडद्याकडे कुणाचंच लक्ष नाही, माझ्या शेजारचा पंजाबी बाप मला म्हणतो, ये तो जागरण है भाईसाब. त्या वीकेंडला अमेरिकेत पहिला नंबर त्याचाच, असा ट्रेडवाल्यांचा अंदाज, नेटफ्लिक्सनं स्वतः आकडा दिलाच नाही.

तेव्हा घरी असलं की लोक जात नाहीत हे काही खरं नाही. चारजणांत मिळून करण्यासारखं काही असलं की जातात.


सौ_खवचट | ८:३१

म्हणजे आता थिएटरात आरत्या लावा, बघा हाऊसफुल्ल.


घाटावरची | ८:५५

सगळं वाचलं. नोलन झाला, वॉर्नर झालं, आता आमचंही ऐका. मराठी सिनेमाला आठ आठवडे हा शब्दच लागू नाही हो. तो दुसऱ्या आठवड्यात उतरतो आणि मग कुठेच नसतो.

मागच्या वर्षी आईला एक सिनेमा बघायचा होता, नाव घेत नाही, दिग्दर्शक ओळखीतले आहेत. शुक्रवारी लागला. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला दिवसाला एक शो, सकाळी ११:१०. मी शाळेत शिकवते, ११:१० ला माझा दुसरा तास असतो. म्हटलं मंगळवारी रजा टाकते. रजा टाकली, आई इस्त्रीची साडी नेसून दहापासून सोफ्यावर बसलेली, आणि साडेदहाला मेसेज, शो रद्द, पैसे सात दिवसांत परत. काउंटरला फोन केला तर म्हणाले मॅडम तुम्ही धरून पाचच तिकिटं गेली होती. गुरुवारी सिनेमा उतरला. आई म्हणाली जाऊ दे, टीव्हीवर येईल. तेरा महिने झाले. कुठल्याच ॲपवर नाही, टीव्हीवर नाही, डीव्हीडी तर आता निघतच नाही. अधूनमधून विचारते, तो आला का गं?

२०१५ ला सरकारनं मल्टिप्लेक्सना सांगितलं होतं की मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवा, केवढा गदारोळ झाला, आणि मग प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. माझा ११:१० त्यातही बसत नाही.


हिशेबी_मनुष्य | ९:२०

ताई, यातच ते मार्कशीटचं दुखणं आहे. ओटीटीवाला गल्ला विचारतो, गल्ला व्हायला शो लागतात, शो मिळायला पहिल्या तीन दिवसांत गर्दी लागते, आणि गर्दी म्हणते येईल की घरी. हिंदीचा मोठा सिनेमा या चक्रातून धावत निघून जातो. आपला पहिल्याच वळणावर पडतो. ज्याच्या मागे स्टुडिओ आणि ॲप दोन्ही एकाच घरचे आहेत तो वाचतो, दशावतार बघा, झी स्टुडिओजचा, सप्टेंबरात थिएटरात चांगला चालला आणि नोव्हेंबरात झी५ वर आला. एकट्या निर्मात्याला ही सोय कुठली.


मीडिया_मावशी | ९:३४

@घाटावरची, इथे माझ्याकडे थंड पाणी नाही. बाईपण भारी देवाला २०२३ ला बायकांनी गट करकरून थिएटरं भरली, नऊवारी नेसून, गॉगल लावून. त्या कुणीच ओटीटीच्या तारखा मोजत नव्हत्या. पण ते रोज घडवून आणता येत नाही, माझं बजेट टाकूनही नाही.


जुना_ऑपरेटर | ९:५०

घाटावरच्या ताई, पाच तिकिटांवर पण आम्ही खेळ लावायचो. एकदा तर तीन होती. बाहेर धो धो पाऊस, दोन म्हातारे आणि एक आमचा पेपरवाला. मालक म्हणाला बंद कर, मी म्हटलं मशीन गरम झालंय. इंटरव्हलला मीच खाली जाऊन त्यांच्यात बसलो, म्हणजे चार झाले.

तुमच्या दिग्दर्शकाला विचारा की, त्यांच्याकडं हार्ड डिस्क असंल घरी. एखादा छोटा हॉल भाड्यानं घ्यायचा.


घाटावरची | १०:०५

काका हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विचारते. हॉल किती माणसांचा घेऊ?


ताकभात | १०:०७

माझी दोन धरा. पुण्यात असेल तर.


सौ_खवचट | १०:११

चार. पॉज नसला तरी चालेल. कुकर लावून येणार नाही.


मधली_रांग | १०:२६

आमची तीन धरा. मुलाला विचारलं येतोस का, म्हणाला कुठल्या ॲपवर आहे? म्हटलं कुठल्याच नाही. फोन खाली ठेवून बघितलं माझ्याकडे.

@ताकभात, पॉपकॉर्न नाही, घरून भेळ आणतोय.